गुरुजींच्या खिशातली पाटी

पिसाळ गुरुजींनी मोटरसायकलवरून पोतं उतरवून खाली ठेवलं, तशी पोत्यात घंटी वाजली. एकदाच, बारीक, पण खणखणीत. जाळीच्या कुंपणात, म्हणजे आमच्या वाघरीत, कोंडलेली मेंढरं रवंथ करायची थांबली.

“गुरुजी, पोत्यात शेरडू बांधून आणलं काय?” आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

“हौसाच्या लिहायच्या वस्तू आहेत,” गुरुजी म्हणाले. “तीन आहेत. एक ठेवून घ्यायची, बाकीच्या दोन मला परत द्यायच्यात. कुठली ठेवायची ते हौसानं ठरवायचं.”

हौसा म्हणजे मी. तेव्हा दहाएक वर्षांची असेन. गोवरात डोळे गेले तेव्हा मी रांगतही नव्हते, त्यामुळे डोळे गेल्याचं दुःख माझ्यापेक्षा लोकांनाच जास्त होतं. मला दिसत नाही हे ते एकमेकांना इतक्या हळू आवाजात सांगायचे, की जणू मला ऐकूही येत नाही.

आम्ही मेंढरं राखणारे धनगर, फलटणच्या बाजूचे. पावसाळ्यात गावी असायचो. दिवाळी झाली की मेंढरं, घोड्या, कुत्री, कोंबड्या आणि माणसं असा सगळा वाडा घेऊन घाट उतरून कोकणात जायचो. गावी असताना पिसाळ गुरुजी मला शिकवायचे. त्यांनी तालुक्याला जाऊन ब्रेल शिकून घेतलं होतं. सहा ठिपक्यांत सगळी अक्षरं बसतात हे त्यांनी मला हरभऱ्याचे दाणे मांडून दाखवलं होतं. मी वाचायला शिकले, शाळेतल्या ताटाएवढ्या लाकडी पाटीवर लिहायलाही शिकले. पण दिवाळी झाली की पाटी गुरुजींच्या कपाटात आणि मी घोडीवर.

त्या वर्षी हे मोडायचं ठरलं होतं. बिरूमामानं, म्हणजे आईच्या धाकट्या भावानं, पुण्याकडच्या अंध मुलींच्या मुक्कामी शाळेत माझ्यासाठी जागा मिळवली होती. बऱ्याच जणांचे उंबरे झिजवून मिळवली होती. वाडा दुसऱ्या दिवशी सकाळी हलणार होता आणि मामा मला न्यायला आदल्या दिवशीच येऊन बसला होता.

आई ऐकत नव्हती. “माझी पोर मी मागं टाकून जायाची न्हाय,” एवढंच ती म्हणायची, आणि तेच परत परत म्हणायची. मलाही जायचं नव्हतं. घोडीच्या पाठीवर कोकरांच्या टोपलीशेजारी बसून घाट उतरताना जो गार वारा खालून वर येतो, तो सोडून मला कुठल्याच शाळेत जायचं नव्हतं.

मधला मार्ग गुरुजींनी काढला होता. वाटेवर लिहिता येईल असं काही मिळालं, तर हौसा चालता चालता अभ्यास करील, लिहिलेले कागद जपून ठेवील, आणि पावसाळ्यात गावी आली की मी परीक्षा घेईन. आबांनी त्याला एक अट घातली होती.

“गुरुजी, तुमी जवळ नसताना तिनं लिवलं पायजे, आन लिवलेलं तिचं तिलाच वाचता आलं पायजे. आलं तर ती आमच्या संगं. न्हाय आलं तर बिरूच्या संगं. मग कुनी रडायचं न्हाय.”

शेवटचं वाक्य आईला होतं. भाकरी थापायचा तिचा आवाज तेवढा जरा जोरात झाला.

गुरुजींनी घोंगडं अंथरलं आणि पहिली वस्तू माझ्यापुढे ठेवली. गार, जड, लोखंडी. वर सहा कळा आणि मधे एक मोठी.

“हे मशीन. बोटं इथं ठेव. आता दाब.”

मी दाबलं. मशीननं ‘खट्’ केलं. गुरुजींनी माझं बोट उचलून कागदावर ठेवलं. तिथं ठिपके होते. आत्ता नव्हते, आणि आता होते. माझ्या बोटाखाली, ऊन ऊन म्हणावेत असे ताजे.

मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. पाटीवर लिहिणं वेगळं असतं. तिथं कागद दोन पत्र्यांच्या मधे धरायचा, आणि वरच्या पत्र्याच्या खिडक्यांतून टोकदार स्टायलसनं टोचायचं. टोचलं की इकडून खड्डा होतो आणि पलीकडून ठिपका उठतो. म्हणजे लिहायचं कागदाच्या पाठीवर. त्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहावं लागतं आणि प्रत्येक अक्षर उलटं टोचावं लागतं, तेव्हा कुठं कागद पालथा केल्यावर ते सरळ लागतं. सगळं उलटं करायचं आणि सरळ होईल असा भरवसा ठेवायचा. या मशीनला भरवसा लागत नव्हता. ते लगेच हातात देत होतं.

मी लिहीतच सुटले. माझं नाव, आबांचं नाव, घोडीचं नाव. ओळ संपत आली आणि मशीनची घंटी वाजली.

वाघरीतली सगळी मेंढरं उठून उभी राहिली. मी पुढची ओळ घेतली, परत घंटी वाजली, आणि आमचा म्होरक्या बकरा जाळीला धडका द्यायला लागला. आमच्यात म्होरक्याच्या गळ्यात घंटी असते. ती वाजली की निघायचं एवढं मेंढराला कळतं. त्यांना वाटलं, निघाले सगळे, आपणच मागे राहिलो.

आबा हसायला लागले. हसताना ते मांडीवर थाप मारायचे. “गुरुजी, हे घेऊन गेलो तर हिची वळ संपली की माझा वाडा उठून चालाय लागंल. अर्ध्या रात्री हिनं अभ्यास काढला की सकाळी मेंढरं महाडात.”

“घंटी बंद करता येईल,” गुरुजी म्हणाले, पण त्यांचा आवाजही हसत होता.

मग आबांनी मशीन घोडीवर चढवून बघितलं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला कोंबड्यांची डाल. घोडी चार पावलं चालली आणि ओझं मशीनच्या अंगाला कलंडून मातीत गेलं. कोंबड्यांनी जो गोंधळ घातला त्यात गुरुजींचं म्हणणं कुणाला ऐकू आलं नाही. मशीन परत खाली उतरलं तेव्हा त्याच्या कळांमधून वाळू करकरत होती.

“मी डोक्यावर घेते,” आई चुलीपासून म्हणाली.

“घाट उतरताना?” आबांनी विचारलं.

“व्हय.”

ती खोटं बोलत नव्हती. तिनं खरंच घेतलं असतं. माझा जीव त्या मशीनमध्ये गुंतला होता आणि तरीही मीच म्हणाले, “नको. दुसरं काय हाय ते बगू.” हे म्हणताना मला रडू येत होतं, हेही सांगून टाकते.

दुसरी वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची पाटी होती. हलकी, गुळगुळीत, पुस्तकासारखी मिटणारी. मला ती आवडली. ती मांडीवर ठेवून मी स्टायलस शोधायला हात फिरवला, तेवढ्यात ती मांडीवरून गेली. एक कोकरू वाघरीतून सुटून आलं होतं. ते फार लांब गेलं नाही, पण मामानं त्याच्या तोंडातून पाटी काढली तोवर बिजागरी चावून मोकळी केली होती.

“हे बरं झालं,” मामा म्हणाला. “आपुनच निकाल दिला त्यानं.”

गुरुजींनी बिजागरी परत बसवून बघितली. ती पाटी त्यांना तालुक्याला परत द्यायची होती.

तिसरी वस्तू त्यांनी पोत्यातून नाही, खिशातून काढली. पत्र्याची छोटी पाटी. तळहातापेक्षा थोडी मोठी, चारच ओळींची. सोबत लाकडी मुठीचा बुटका स्टायलस. तिला वास होता, पावसात भिजलेल्या खिळ्याचा असतो तसा. त्या मशीननंतर ती हातात घेतली तेव्हा मला गरिबाघरी सून म्हणून आल्यासारखं वाटलं.

आबांनी ती दगडावर आपटली. आईनं तिच्यावर बसून बघितलं. कुत्र्यानं हुंगली आणि सोडून दिली. घोडीनं तिच्यावर पाय दिला, म्हणजे आबांनी द्यायला लावला, आणि ती फक्त मातीत रुतली. आबांनी ती धोतराच्या सोग्याला पुसून माझ्या हातात दिली.

“ही टिकंल. दाभणासारखं दिसतंय ते, ते तेवढं हरवू नगं. लिव आता.”

“काय लिवू?”

आबांनी वाटेवरच्या मुक्कामांची नावं सांगितली. मी जुन्या कॅलेंडरच्या जाड पानावर टोचत गेले. उजवीकडून डावीकडे, टक टक टक. शेजारपाजारचे मेंढके जमले होते. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी खोकत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. माझं झालं. मी कागद काढला, पालथा केला आणि बोट ठेवून वाचलं. भोर, हिरडोशी, वरंधा, बिरवाडी. एकही चुकलं नाही.

बायका म्हणाल्या, “आगं बया.” मला वाटलं झालं, सुटले.

“दाजी,” मामा म्हणाला, “हे वाचल्यालं न्हाय. हे पाठ हाय तिला.”

आणि हे कुणालाच खोडता येईना. कारण मला सगळंच पाठ असायचं. कुणाचं मेंढरू कुठल्या बाजारात विकलं, कुणाच्या लग्नात कुणाला आहेर राहिला, गेल्या साली कुठल्या वावरात बसलो होतो, हे सगळं लोक मला विचारायचे. जत्रेतल्या ओव्या मी एकदा ऐकून म्हणायचे. माझ्या पाठांतराचं अख्ख्या वाड्याला कौतुक होतं. तेच आता आडवं आलं.

“कोरं वाचायला द्या तिला,” मामा म्हणाला. “तिला ठावं नसल्यालं.”

“मी लिहून देतो,” गुरुजी म्हणाले.

“तुमी तिचे गुरुजी. तुमी काय शिकिवलं हे तिला ठावं असंल.”

“मग तू लिव,” आबा मामाला म्हणाले.

“मी लिवलं आन तिला आलं न्हाय, तर आक्का म्हनंल बिऱ्यानं मुद्दाम चुकिवलं. मला न्हाय त्यात पडायचं.”

मामा वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याच्या भाचीनं मेंढरांमागं फिरू नये. स्वतः चौथीत शाळा सोडल्याचं त्याला वाईट वाटायचं.

मग चुलीजवळून आईचा आवाज आला. “मी टोचते.”

“तुला कुठं अक्षर येतंय?” आबा म्हणाले.

“तिला तरी कुठं येत हुतं?”

आईनं आयुष्यात कधी पेन्सिल धरली नव्हती. अंगठा उठवायची वेळ आली तरी ती पदराआड हात लपवायची. आबांनी थोडा वेळ विचार केला आणि ठरवलं. आईनं गुरुजींना घेऊन लिंबाखाली जायचं, माझ्यापासून लांब. काय लिहायचं ते आईनं ठरवायचं. गुरुजींनी ज्वारीचे दाणे मांडून ठिपके दाखवायचे, पण पाटीला हात लावायचा नाही. आई लिहून आली की माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. मामानं माझ्याजवळ बसायचं, म्हणजे मला कुणी काही सांगणार नाही.

मी मामाजवळ बसले आणि कान लिंबाकडे लावले. बोलणं ऐकू येत नव्हतं. बराच वेळ फक्त गुरुजींचा आवाज होता, वर-खाली होणारा. मग आईनं काहीतरी विचारलं. गुरुजींनी उत्तर दिलं. आईनं आणखी काही विचारलं. मग दोघंही गप्प झाले, इतका वेळ की मला वाटलं काहीतरी बिनसलं.

मग आवाज आला. टक.

माझ्या टकसारखा तो नव्हता. जड होता. आई भाकरी थापायची त्याच जोरानं तिनं टोचलं असणार. नंतर बराच वेळ काही नाही. परत टक. मी मामाचा हात धरून ठेवला होता. त्याचा हातही ओला झाला होता.

आई आली. तिच्या पायांतल्या जोडव्यांचा आवाज माझ्यापुढे थांबला. कागद माझ्या मांडीवर पडला.

“एकदम बरोबर टोचलंय वहिनींनी,” गुरुजी म्हणाले. “मी बघितलंय.”

मी कागद पालथा केला आणि बोट ठेवलं. दोनच अक्षरं. ठिपके कुठं कुठं फाटून आरपार गेले होते, इतक्या जोरानं टोचले होते. डावीकडून पहिलं अक्षर घ. दुसरं ह.

घह. असा कुठला शब्द नाही. मी परत बोट फिरवलं. परत तेच. घह.

“वाच,” आबा म्हणाले.

मी तिसऱ्यांदा बोट फिरवलं. इतका वेळ मी जे जे वाचलं ते खरंच पाठ होतं का, मला वाचता येतच नव्हतं का, असं मला स्वतःलाच वाटायला लागलं.

“येत न्हाय तिला,” कुणीतरी मागे म्हणालं, कळवळून. मामा उठला. माझं गाठोडं त्यानं उचलल्याचा आवाज मी ऐकला.

“बगू दे तिला,” आबा म्हणाले. “घाई नगं.”

आमच्या मेंढरांच्या कानांना खुणा असतात. प्रत्येक घराची वेगळी. कुणाची वरच्या कडेला खाच, कुणाची खालच्या, कुणाची दोन्हीकडे. संध्याकाळी कळप मिसळले की मी कान चाचपून आपली मेंढरं वेगळी काढायचे, डोळस पोरांच्या आधी. पण मेंढरू कधी समोरून हाती लागतं, कधी मागून. समोरून धरलं की खाच या अंगाला लागते आणि मागून धरलं की त्या अंगाला. ज्याला हे फिरवून घेता येत नाही तो दुसऱ्याचं मेंढरू आपल्या वाघरीत घालतो आणि सकाळी भांडण होतं. मला ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. हात आपोआप फिरवून घ्यायचा.

माझ्या हातानं तेच केलं. मी काही ठरवलं नाही. बोट उजवीकडून आत गेलं आणि त्यानं त्या अक्षराला मागून धरलं. ह नव्हता तो.

आईनं उलटं टोचलं नव्हतं. तिनं दाणे जसे मांडलेले बघितले तसेच, डावीकडून, सरळ टोचले होते. गुरुजी मला रोज सांगायचे उलटं लिही, उलटं लिही, आणि आईला सांगायचं विसरले होते. आणि ते डोळ्यांनी वाचायचे, त्यामुळे इकडच्या बाजूचे खड्डे बघून त्यांना सगळं बरोबरच दिसलं होतं.

उजवीकडून पहिलं अक्षर ज. पुढचा काना.

मी परत वाचलं. मग बोट तिथंच ठेवून बसले.

आत्तापर्यंत आईचं जे काही माझ्यापर्यंत आलं होतं ते आवाजातून आलं होतं. रागावलेला, दमलेला, ओवी म्हणणारा. तिचा आवाज मला इतका ठाऊक होता की ती काय बोलणार ते आधीच कळायचं. आणि हे कागदावर आलं होतं ते आवाजाशिवाय आलं होतं. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं आणि तरी आई माझ्याशी बोलत होती. एवढी माणसं भोवती उभी असताना, तिच्या हातातून निघून माझ्या बोटात, मधे कुणालाही न कळता. असं काही जगात होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी लिहायला शिकले होते, पण लिहिणं म्हणजे काय असतं ते मला त्या क्षणी कळलं.

आणि ती जे बोलत होती ते मला नको होतं.

मी ते वाचून दाखवलं असतं तर जिंकले असते. वाचता येत नाही म्हटलं असतं तर हरले असते. वाचलं तरी जा, न वाचलं तरी जा, दोन्हीकडून ते तेच होतं. “ये” म्हणून सांगावं असं एकदा माझ्या मनात आलं. पण आईसमोर तिचाच शब्द कसा बदलायचा?

“हौसे,” आई म्हणाली. तिनं बोलायचं नव्हतं, पण आबांनी तिला अडवलं नाही. “जे हाय ते वाच.”

“जा,” मी म्हणाले.

“कुठं जा?” आबांनी विचारलं. त्यांना कळलं नाही.

“लिवलंय. आईनं लिवलंय. जा.”

मग आबांनी आईला विचारलं, “हेच लिवलंस?”

“व्हय.”

मामानं गाठोडं खाली ठेवलं. गुरुजींनी नाक शिंकरलं. आबा माझ्यापुढे येऊन बसले, आणि त्यांनी तो कागद हातात घेतला, फिरवला, परत माझ्या हातात दिला, जसं काही तो फुटला असता.

“आगं, ही जिकली की,” ते आईला म्हणाले. “आता आपल्या संगं येनार ती. मी शबूद दिलाय. आन तू हे काय लिवलंस?”

“मी आधी ‘ये’च इचारलं हुतं,” आई म्हणाली. “गुरुजींनी दानं मांडून दावलंबी. मग मी इचारलं, गुरुजी, असली किती कागदं असत्यात वाचायला? ते म्हनले, त्या शाळंत कपाटंच्या कपाटं हायती. मी म्हनलं, आन आमच्या वाटंवर? ते म्हनले, मी देईन तेवढी.” ती थांबली. “मी म्हनलं, दानं मोडा. दुसरं मांडा.”

“तुला करमंल?” आबांनी विचारलं.

“न्हाय करमायचं,” आई म्हणाली. “म्हून काय झालं?”

आबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला विचारलं, “हौसे, तू सांग. आई म्हनती तसं का आबा म्हनत्यात तसं? आता तुला वाचता येतंय, तुझं तू ठरव.”

मी बोट अजून कागदावरच ठेवलं होतं. ते फाटलेले ठिपके बोटाला टोचत होते. मी म्हणाले, “आई म्हनती तसं.” आणि मग मी इतकी रडले की आबांची न रडायची अट कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

सकाळी वाडा हलताना गुरुजी परत आले. मशीन आणि तुटकी पाटी त्यांनी पोत्यात भरली. पत्र्याची पाटी मी त्यांच्यापुढे केली. शाळेत मला दुसरी मिळणार होती.

“ती मला ऱ्हाऊ द्या,” आई म्हणाली.

“वहिनी, तुम्हाला तर दोनच अक्षरं येतात,” गुरुजी म्हणाले.

“बाकीची द्या की.”

गुरुजींनी ठिपक्यांपुढे चित्रं काढलेला अक्षरांचा तक्ता तिला दिला. तिनं तो आणि पाटी कमरेच्या पिशवीत घातली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि घोडीचा कासरा धरला. मी मामाबरोबर उलट्या दिशेनं चालायला लागले. म्होरक्याची घंटी बराच वेळ ऐकू येत राहिली, मग रस्त्यावरच्या गाड्यांत मिसळून गेली.

आईचा पहिला कागद शाळेत आला तेव्हा थंडी सरत आली होती. तिनं कुणा बाजारकऱ्याच्या हाती तो गुरुजींकडे पोचवला होता आणि त्यांनी टपालात टाकला होता. आमच्या दळवी बाई, त्याही माझ्यासारख्याच, त्यांनी आधी त्यावर हात फिरवला.

“हौसा, हे कुणी पाठवलंय? काहीच लागत नाही यात.”

मी कागद घेतला. घाट उतरला. घोडी व्याली. आबा बरा. एवढंच होतं, ठिकठिकाणी फाटलेलं, आणि सगळं सरळ टोचलेलं, म्हणजे माझ्या बाजूनं सगळं उलटं. मी ते न अडखळता वाचून दाखवलं. बाई ऐकतच राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझ्या आईला कुणीतरी नीट सांगायला हवं. उजवीकडून लिहायचं असतं. मी समजावून लिहिते त्यांना.”

“नको बाई,” मी म्हणाले.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी त्याच शाळेत शिकवते. मुली आल्या की पहिल्या दिवशी तीन-चार तऱ्हेच्या पाट्या त्यांच्यापुढे ठेवते आणि त्यांनाच निवडू देते. आई थकली आहे, आता गावीच असते, पण लिहिते. ती मला लिहिते ते गुरुजींनाही माझ्या, म्हणजे उठलेल्या ठिपक्यांच्या, बाजूनं लागलं नसतं, माझ्या हुशारातल्या हुशार मुलींनाही लागत नाही. जगात ते बोटानं वाचू शकणारी मी एकटी आहे. आपण उलटं लिहितो हे आईला अजून माहीत नाही.